गायनेकोमॅस्टियाचं ऑपरेशन झालं, पण छाती मनासारखी झाली नाही: दुसऱ्यांदा टेबलावर जाण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६. मे महिन्यात दोन्ही बाजूंचं गायनेकोमॅस्टियाचं, म्हणजे पुरुषाची वाढलेली छाती कमी करायचं, ऑपरेशन झालं, आता ऑक्टोबर संपत आला. डाव्या निप्पलखाली खड्डा पडलाय, हात वर केला की तो जास्त दिसतो. उजवीकडे निप्पलमागे रबरासारखी चकती अजून हाताला लागते आणि उकाड्यात ती बाजू फुगीर दिसते. डावीकडे बधिरपणा आहे, टाक्यांची रेघ जाड होऊन खाजते. सर्जन म्हणतात, थांबा. मित्र म्हणतात, दुसरीकडे जाऊन लगेच करून घे. साठवलेले पैसे संपले, घरी ‘छातीतली गाठ काढली’ एवढंच माहीत आहे. फेब्रुवारीत लग्न आहे आणि हळदीला उघड्या अंगाने बसायचं या विचाराने झोप लागत नाही. मधल्या काळात जिम पुन्हा सुरू केली, तिथल्या ट्रेनरने काही गोळ्याही दिल्या होत्या. आता काय करावं?

तुमच्या दोन बाजूंच्या तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत, आणि माझं सगळं उत्तर याच गोष्टीवर उभं आहे. उजवीकडे काढायला हवं होतं त्यातलं थोडं मागे राहिलंय असं दिसतं. डावीकडे ठेवायला हवं होतं तेही निघून गेलंय. राहिलेलं काढणं हे तुलनेनं छोटं काम असतं. निघून गेलेलं भरून आणायला वेळ लागतो, दुसरीकडची चरबी लागते, कधी दोनदा टेबलावर यावं लागतं, आणि एवढं करूनही मूळची छाती जशीच्या तशी मिळेल असा शब्द मी कुणाला देत नाही. म्हणून ‘लगेच करून घे’ हा सल्ला आज ऐकू नका. डाव्या बाजूला तर मुळीच नाही.

गेली वीसेक वर्षं मी पश्चिम महाराष्ट्रात प्लास्टिक सर्जरी करतोय. दुसरीकडे ऑपरेशन होऊन नाराज झालेली मुलं माझ्याकडे येतात, आणि माझ्याकडे ऑपरेशन होऊन नाराज झालेलीही आहेत. दोघांची बसण्याची पद्धत सारखीच असते. खांदे पुढे काढून, पोक काढून बसतात. शर्टाची बटणं काढण्याआधी दार नीट लागलंय का ते वळून बघतात. आत अजूनही दोन बनियन असतात, ऑपरेशनच्या आधी घालायचे तसेच. छातीवरचं मांस कमी झालं तरी ती सवय गेलेली नसते, आणि ‘पैसे देऊनही आपण तिथेच आहोत’ हे दुःख खरं असतं. तुम्हाला वाटतंय त्यात काही वेडेपणा नाही, हे आधी सांगतो.

आता घरच्या घरी तीन गोष्टी करून बघा. त्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांसमोर नेमकं बोलता येतं.

पहिली. आरशासमोर उभे राहून नमस्कार करा आणि दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात दाबा. असं केलं की छातीचा मोठा स्नायू ताठ होतो. निप्पल आत ओढलं गेलं, खड्डा एकदम खोल झाला, तर निप्पलखालची त्वचा स्नायूवरच्या आवरणाला चिकटली आहे. स्नायू ताठ असो वा सैल, खड्डा तेवढाच राहिला, तर चिकटण्यापेक्षा मांस कमी असणं हे कारण मोठं आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हा नमस्कार करायला लावतो.

दुसरी. उताणे झोपा, हात डोक्यामागे घ्या आणि अंगठा व पहिल्या बोटाने निप्पलच्या दोन्ही बाजूंनी हलकेच चिमटीत धरा. चरबी मऊ असते, बोटांतून निसटते. स्तनाची ग्रंथी रबरासारखी, कडा असलेली, निप्पलच्या बरोबर मागे चकतीसारखी लागते. टाक्यांखालचा कडकपणा मात्र सहसा टाक्यांच्या रेघेच्या दिशेने लांबट असतो. तुम्ही ‘चकती’ हा शब्द वापरलात म्हणून मला ग्रंथीचा संशय आहे.

तिसरी. उजव्या निप्पलवर गार पाण्यात भिजवलेला रुमाल मिनिटभर ठेवा. निप्पलभोवतीच्या काळसर भागातले बारीक स्नायू थंडीने आकसतात आणि फुगवटा बसल्यासारखा दिसतो, उकाड्यात पुन्हा वर येतो. हा फरक तुम्हाला दिसतोच आहे. याचा अर्थ मागे काहीतरी ढकलणारं आहे, पण ते फार नाही.

फोटो काढायचेच असतील तर महिन्यातून एकदा, एकाच खोलीत, दिवसाउजेडी, खिडकीकडे तोंड करून काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी, हात कमरेवर आणि हात वर. बाथरूममध्ये डोक्यावर दिवा असतो, त्या उजेडात अगदी चांगल्या छातीवरही सावल्या पडतात. अशा फोटोंवरून स्वतःला नापास करून आलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत.

आता वेळेबद्दल. ‘थांबा’ हे उत्तर तुम्हाला टाळाटाळ वाटतंय, आणि कारण न सांगता दिलं तर ते तसं वाटणारच. कारण असं आहे. बाहेरून दिसणारी सूज दोन-तीन महिन्यांत बरीच उतरते, पण आतला जखमेचा भाग आधी कडक होतो आणि मग सैल पडत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात छाती हाताला सगळ्यात वाईट लागते: गोळे, गाठी, दोरीसारखे ताण. त्यानंतर ती हळूहळू मऊ होते. आकाराबद्दल मी सहा महिन्यांच्या आत मत देत नाही, आणि व्रण पूर्ण शांत व्हायला वर्ष ते दीड वर्ष जातं. कडक, लालसर व्रणात पुन्हा सुरी घातली तर रक्तस्राव जास्त होतो, थर एकमेकांपासून सुटत नाहीत, आणि नवीन चिकटणं तयार होतं. म्हणून दुसरं ऑपरेशन सहा महिन्यांच्या आधी नाही, आणि खड्ड्यासाठी तर मी नऊ महिने ते वर्षभर थांबायला सांगतो. तुम्ही आज पाचव्या महिन्यात आहात. सर्जनचं ‘थांबा’ बरोबर आहे. किती थांबायचं आणि त्यानंतर काय, हे मात्र त्यांनी सांगायला हवं होतं.

याला अपवाद आहेत. छाती एका बाजूला अचानक फुगली, ताणली, ठणकू लागली, ताप आला, टाक्यांतून पू आला किंवा त्वचा काळीनिळी पडत गेली, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. पहिल्या एक-दोन दिवसांत आत रक्त साचणं ही या ऑपरेशनची नेहमी आढळणारी गुंतागुंत आहे, आणि तेव्हा दुर्लक्षित राहिलेलं रक्त पुढे कडक गाठ किंवा उंचसखलपणा होऊन बसतं. पातळ पाणी साचलं असेल तर ते सुईने काढता येतं. तुमच्या पहिल्या आठवड्यात असं काही झालं होतं का, हे आठवून लिहून ठेवा. पुढच्या डॉक्टरला ते उपयोगी पडतं.

उजवी बाजू आधी संपवतो, कारण ती सोपी आहे. पुरुषाच्या छातीत वाढलेलं असतं ते दोन गोष्टींचं मिश्रण: चरबी आणि ग्रंथी. चरबी लायपोसक्शनच्या नळीने निघते. ग्रंथी चिवट असते, नळीने ओढून ती पुरेशी निघत नाही, तिला सहसा निप्पलच्या कडेने छोटा छेद घेऊन कापून काढावं लागतं. ‘टाक्यांशिवाय, एका तासात’ अशा जाहिरातींमागे बऱ्याचदा फक्त लायपोसक्शन असतं, आणि मग नेमकं निप्पलमागचं बटण तसंच राहतं. तुमच्याकडे छेद घेतलाय, म्हणजे ग्रंथी काढायचा प्रयत्न झालाय, पण उजवीकडे सर्जनने सावधपणे थोडी जास्त ठेवली असावी. ती सोनोग्राफीत दिसते. सहा महिन्यांनंतरही ती चकती तशीच असेल तर जुन्याच व्रणातून काढता येते, अनेकदा ती जागा बधिर करूनच, आणि संध्याकाळी घरी जाता येतं. निप्पलच्या खालच्या कडेने घेतलेला हा अर्धवर्तुळाकार छेद वेबस्टर या सर्जनने १९४६ मध्ये मांडला. काळसर आणि गोऱ्या त्वचेच्या सीमेवर तो लपून जातो म्हणून आजही आम्ही तोच वापरतो. नवीन छेद घ्यावा लागत नाही, ही तुमच्यासाठी चांगली गोष्ट.

फक्त एक सांगतो. उजवीकडे ‘यावेळी सगळं साफ काढा’ असं सर्जनला सांगू नका. तेच केलं तर उजवीकडेही डाव्यासारखं होईल.

डावी बाजू. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण हा प्रकार टाळता येण्यासारखा असतो आणि झाला तर सगळ्यात जास्त त्रास देतो. निप्पलखाली शरीराने चरबीची गादी फारशी दिलेलीच नाही. तिथे त्वचेला लागून थेट ग्रंथी असते. ग्रंथी मुळापासून खरवडून काढली की त्वचेखाली उरतो तो स्नायू, आणि त्वचा त्याच्यावर जाऊन बसते. भोवती मात्र चरबी असतेच. म्हणून मध्ये खोलगट आणि कडेने उंच, अशी बशी तयार होते. आम्ही त्याला सॉसर डिफॉर्मिटीच म्हणतो. ती होऊ नये म्हणून निप्पलमागे साधारण एक सेंटिमीटर जाडीची चकती मुद्दाम ठेवायची आणि भोवतीची चरबी कडेला विरळ करत न्यायची, हे आता प्रत्येक प्लास्टिक सर्जनला शिकवलं जातं. शिकवलं जातं म्हणून हातून प्रत्येक वेळी बरोबर होतंच असं नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बारीक अंगाच्या मुलाची ग्रंथी मी अगदी कसून काढली. टेबलावर छाती इतकी सपाट दिसत होती की मला समाधान वाटलं. चौथ्या महिन्यात तो आला, मी त्याला हात वर करायला सांगितले, आणि दोन्ही निप्पल आत गेले. टेबलावर माणूस आडवा असतो, स्नायू सैल असतो, चरबी ओढण्याआधी आम्ही आत सोडलेल्या पाण्यामुळे मांस फुगलेलं असतं. त्या वेळी दिसणारा सपाटपणा खोटा असतो, हे मी त्याच्या छातीवर शिकलो. त्याची दुरुस्ती मी फी न घेता केली, दोन वेळा केली, आणि आजही त्याच्या डाव्या बाजूला मला थोडा फरक दिसतो. त्याला दिसत नाही, असं तो म्हणतो.

दुरुस्तीचे रस्ते खड्डा किती कमीअधिक आहे यावर अवलंबून आहेत. खड्डा उथळ असेल आणि नमस्कार केल्यावर वाढत नसेल, तर कधीकधी खड्ड्याला हातच लावायचा नसतो. भोवतीची उंच राहिलेली चरबी बारीक नळीने थोडी उतरवली की कडा आणि मध्य एका पातळीत येतात. निप्पल चिकटलेलं असेल तर ते आधी सोडवावं लागतं, आणि सोडवलेल्या जागेत काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर ते पुन्हा तिथेच चिकटतं. शेजारची चरबी मुळासकट सरकवून तिथे बसवता येते. ती जिवंत राहते कारण तिचा रक्तपुरवठा तुटलेला नसतो. तेवढी चरबी शेजारी नसेल तर पोटाची किंवा मांडीची चरबी नळीने काढून, पाणी-रक्त वेगळं करून, बारीक बारीक थेंबांनी निप्पलखाली सोडतात. याला फॅट ग्राफ्टिंग म्हणतात. सोडलेल्या चरबीतली सगळी टिकत नाही, काही भाग शरीर शोषून घेतं. म्हणून सर्जन थोडी जास्त भरतो आणि आधीच सांगून ठेवतो की काही महिन्यांनी दुसरी फेरी लागू शकते. जो सर्जन ‘एकाच वेळेत शंभर टक्के’ म्हणतो, त्याच्याकडून उठून या.

या चरबीबद्दल दोन गोष्टी. ती पोटाची असेल तर वजन वाढल्यावर ती छातीतही वाढते, म्हणून दुरुस्तीच्या आधी सहा महिने वजन स्थिर ठेवा. आणि सिगारेट, तंबाखू, मावा यातलं काहीही असेल तर ऑपरेशनच्या किमान महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्याने बसवलेली चरबी उपाशी मरते. अंगाने फार बारीक मुलांकडे काढायला चरबीच नसते. अशांना मी कधी कधी सांगतो की आहे त्या खड्ड्यात राहणं हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. छातीचे व्यायाम केले की खड्डा भरतो, असं जिममध्ये सांगतात. चिकटलेल्या निप्पलमध्ये उलट होतं: स्नायू वाढला की भोवतालचा भाग वर येतो आणि मधलं तिथेच राहतं.

हे वाचणाऱ्या काहींची अडचण तुमच्यापेक्षा वेगळी असेल: मोठी छाती कमी केली आणि आता सैल कातडी लोंबते. तिथे घाई नको. तरुण त्वचा सहा महिने ते वर्षभर आकसत राहते. पण वजन खूप कमी केलेल्या माणसाची ताणलेली कातडी एका मर्यादेपलीकडे आकसत नाही, ती कापूनच काढावी लागते आणि व्रण मोठा पडतो. हे पहिल्या ऑपरेशनआधीच सांगायला हवं असतं.

बधिरपणाची काळजी सध्या बाजूला ठेवा. निप्पलची संवेदना मुख्यतः चौथ्या बरगडीलगतच्या नसेच्या फांदीतून येते. ऑपरेशनमध्ये तिच्या बारीक शाखा ताणल्या किंवा कापल्या जातात. त्या महिन्यागणिक परत येतात, आणि येताना मुंग्या किंवा विजेसारखी चमक जाणवते. वर्षभर वाट पाहा. काहींना थोडा बधिरपणा कायमचा राहतो, हेही खरं.

जाड, खाजणारी रेघ मात्र आजपासून बघण्यासारखी आहे. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत आणि त्यातही छातीवर व्रण जाड होण्याची प्रवृत्ती जास्त असते. जाडी टाक्यांच्या हद्दीतच असेल तर तो वाढीव व्रण, बाजूच्या चांगल्या त्वचेत पसरत असेल तर केलॉइड. दोन्हींत सिलिकॉनची पट्टी किंवा जेल पहिला उपाय. पट्टी दिवसातले बारा तास तरी राहायला हवी आणि दोन-तीन महिने सलग, चार दिवस लावून सोडायची नाही. त्याने बसली नाही तर ट्रायअॅमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन व्रणाच्या आत देतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. ते दुखतं, पण खाज पहिल्या-दुसऱ्या इंजेक्शनलाच कमी होते. घरात कुणाच्या कान टोचल्याच्या जागी किंवा लसीच्या जागी गाठ आली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुढच्या ऑपरेशनचा बेत त्यावर बदलू शकतो. बाजारातली कांद्याची, हळदीची मलमं लावून कुणाचं नुकसान झालेलं पाहिलं नाही, पण त्यांच्या भरवशावर सहा महिने घालवलेली मुलं पाहिली आहेत.

आता जिमचा मुद्दा. तो तुम्ही ओझरता लिहिलाय, पण माझ्यासाठी तो मोठा आहे. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनसारख्या औषधांचा काही भाग शरीर इस्ट्रोजेन या स्त्रियांच्या हार्मोनमध्ये बदलतं, आणि ग्रंथीला वाढायला इस्ट्रोजेनच लागतं. त्या गोळ्यांत काय होतं ते माहीत नसेल, पाकिटावर नीट नाव नसेल, तर बंद करा आणि उरलेल्या गोळ्या पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा. ट्रेनरवर रागवायला सांगत नाही. उजवीकडची चकती ‘राहिलेली’ आहे की ‘परत वाढलेली’ आहे, हे ठरवायला मला ती माहिती हवी. साध्या प्रथिनांच्या पावडरने ग्रंथी वाढत नाही. इतरही औषधांनी वाढते: रक्तदाब-सुजेवरचं स्पायरोनोलॅक्टोन, बुरशीवरच्या केटोकोनॅझोलच्या गोळ्या, केसांसाठीचं फिनास्टेराइड, मानसिक आजारावरची काही औषधं. दारूने यकृत बिघडलं तरी वाढते. म्हणून दुसऱ्या ऑपरेशनआधी टेस्टोस्टेरॉन, एलएच, इस्ट्राडायोल, प्रोलॅक्टिन, थायरॉइड ही हार्मोन्स, यकृताची तपासणी आणि एचसीजी (वृषणातल्या काही गाठींत वाढणारं हार्मोन) एवढं रक्त तपासून घ्या, आणि वृषणांची तपासणी टाळू नका. लाजून ती राहून जाते. क्वचित वृषणातल्या गाठीची पहिली खूण छातीवर दिसते, आणि ती गाठ लवकर सापडली तर बरी होते.

तसंच, काढलेल्या ग्रंथीचा बायॉप्सी रिपोर्ट मागून घ्या. स्तनांच्या सगळ्या कर्करोगांत पुरुषांचं प्रमाण सुमारे १ टक्का आहे आणि २६ व्या वर्षी तर फारच दुर्मीळ. घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण काढलेलं मांस तपासायला पाठवणं ही रीत आहे. नसेल पाठवलं तर उजव्या चकतीची सोनोग्राफी त्या कारणासाठीही करा. निप्पलच्या मागे नसून एका कडेला असलेली, दगडासारखी घट्ट, न हलणारी गाठ, निप्पलमधून रक्त, किंवा काखेत गाठ असेल तर वेळ घालवायचा नाही.

यानंतर पहिल्याच सर्जनकडे जा. मित्रांना हे पटणार नाही. पण आत काय केलं हे त्यांनाच माहीत आहे: किती ग्रंथी काढली, किती ठेवली, चरबी किती ओढली, साचलेलं रक्त-पाणी बाहेर यायला नळी ठेवली होती का. भांडायला म्हणून जाऊ नका आणि ओशाळून कोपऱ्यात बसूही नका. कागदावर तीन प्रश्न लिहून न्या. डावीकडे निप्पल चिकटलंय की मांस कमी आहे? उजवीकडे ग्रंथी आहे की व्रण? दुरुस्ती तुम्ही कराल तर केव्हा, कशी, आणि खर्च कोणाचा? अनेक सर्जन स्वतःच्या केसची दुरुस्ती फी न घेता करतात, फक्त हॉस्पिटल आणि भुलीचा खर्च घेतात. हे विचारण्यात अपमान नाही. सोबत कुणालातरी न्या. घरी सांगितलेलं नसेल तर एखादा शांत डोक्याचा मित्र.

कागदपत्रं मागा. ऑपरेशनच्या नोट्स, संमतीपत्र, डिस्चार्ज कार्ड, आधीचे-नंतरचे फोटो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ती दुसऱ्या सर्जनलाही लागतील.

दुसरं मत जरूर घ्या, पण निवडून. एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ती नोंदलेली आहे का, ते पाहा. ‘कॉस्मेटिक सर्जन’ या पाटीवरून पदवी कळत नाही. मग त्यांनी केलेल्या दुरुस्तीच्या केसेसचे फोटो मागा, पहिल्या ऑपरेशनचे नकोत. आणि त्यात हात वर केलेला फोटो आहे का ते बघा. समोरून, हात खाली सोडून काढलेल्या फोटोत बशी लपते.

केस करायची का, असंही तुमच्या मनात असणार. मनासारखा निकाल न मिळणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलंय. पण ग्रंथी काढणार म्हणून सांगितलं आणि काढलीच नाही, धोके सांगितलेच नाहीत, पदवी नसलेल्या माणसाने सुरी धरली, तर गोष्ट वेगळी. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, त्यामुळे आज घाईने ठरवायची गरज नाही. आधी कागद हातात घ्या.

झोपेबद्दल लिहिलंत म्हणून विचारतो. दिवसातून किती वेळ आरशासमोर जातो? तासाभरापेक्षा जास्त जात असेल, हात पुन्हा पुन्हा छातीकडे जात असेल, त्यामुळे काम बुडत असेल, माणसं टाळली जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी भेटा. कारण त्या अवस्थेत माझ्या हातून उत्तम ऑपरेशन झालं तरी तुम्हाला ते दिसणार नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता छाती चाचपत बसण्यापेक्षा तो लावा. आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या व्हाव्यात ही अपेक्षा थोडी सैल करा. बरगड्या, स्नायू, निप्पलची उंची, कुणाचंच दोन्हीकडे सारखं नसतं. ऑपरेशनआधीचे तुमचेच फोटो काढून बघा.

राहिली हळद. फेब्रुवारीत तुमचा नववा महिना असेल. डिसेंबर-जानेवारीत ऑपरेशन करून हळदीला बसण्याचा बेत करू नका. फॅट ग्राफ्टिंगनंतर काही आठवडे छाती सुजलेली आणि निळसर असते, भरलेल्या जागेवर दाब पडू द्यायचा नसतो, आणि लग्नाच्या धावपळीत हे कुणाला जमत नाही. उजवीकडची चकती मात्र सोनोग्राफीत ग्रंथी निघाली, तुमच्या सर्जनची तयारी असली आणि व्रण शांत झालेला असला, तर डिसेंबरच्या सुरुवातीला काढता येईल. तरीही मी तुमच्या जागी असतो तर दोन्ही बाजू एकाच वेळी, लग्नानंतर, मे-जूनमध्ये केल्या असत्या.

हळदीला बनियन घालून बसलेले कितीतरी नवरदेव मी पाहिले आहेत. करवल्या हातांना, पायांना, गालांना हळद लावतात आणि पुढे सरकतात. पिवळी पडेल म्हणून जुनी बनियन घातलीय, असं म्हटलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. जिच्याशी लग्न होतंय तिला मात्र त्याआधी एकदा सांगा. तारीख, काय झालं, काय राहिलंय आणि पुढे काय करायचंय, एवढंच. घरून ‘गाठ काढली’ असं तिच्या कानावर आलं तर ती भलत्याच काळजीत पडेल.

सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट हातात आले, नोव्हेंबरअखेर सहा महिने पूर्ण झाले, की हात वर केलेल्या फोटोंसह पुन्हा लिहा. डाव्या बाजूला नमस्कार करून काय दिसलं तेही कळवा.